आ-तिकचं वातचूर्ण

माझ्या सासूबाईंना दोन मुलगे. एक त्यांनी जन्माला घातलेला, बुन-हिओंग, म्हणजे माझा नवरा. तो दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं आमचं मांजर दुपारच्या झोपेत बोलतं. दुसरा मुलगा रेडिओत राहायचा. त्याचं नाव आ-तिक. सासूबाईंचा जीव या दुसऱ्यावर जास्त होता, कारण तो रोज सकाळी न चुकता विचारायचा, "अ-बू, आज हात कसे आहेत गं?"

अ-बू म्हणजे आई. तो हे अख्ख्या युनलिन किनाऱ्याला विचारायचा. कालवांच्या ढिगाभोवती बसलेली प्रत्येक म्हातारी हातातली सुरी थांबवून मनातल्या मनात उत्तर द्यायची, आणि प्रत्येकीला वाटायचं की त्यानं फक्त तिलाच विचारलं. आ-तिकच्या स्टेशनला परवाना नव्हता. त्याचा प्रक्षेपणाचा खांब कुणाच्या तरी मत्स्यतळ्यामागे लपवलेला होता, हे पोलिसांना ठाऊक होतं. पण पोलिसांनाही आया असतात आणि त्यांचेही हात दुखतात.

आ-तिक जुनी रडकी गाणी लावायचा, सरकारला शिव्या घालायचा, कुणाची सून उलटून बोलली की त्या सुनेची हजेरी घ्यायचा. एकदा माझीही घेतली होती. आणि मग आवाज अगदी खाली आणून आठ सिद्धांचं वातचूर्ण विकायचा. शंभर टक्के झाडपाला, डोंगरावरच्या गुरूची कृती, पाश्चात्य औषधाचा एक कण नाही. फोन केला की तो थेट रेडिओवरच बोलायचा, आणि मोटरसायकलवाला डबा घरपोच आणून द्यायचा.

सासूबाईंचं नाव बोंग-यो. जुन्या काळी आमच्याकडे नकोशी मुलगी झाली की हे नाव ठेवायचे. 'झालीच आहे, तर वाढवा आता' एवढाच त्याचा अर्थ. ज्या बाईला आईबापांनी असं नाव दिलं, नवऱ्यानं कधी नावानं हाक मारली नाही आणि पोटचा मुलगा मासळीच्या भावापलीकडे बोलत नाही, तिला रेडिओतून कुणी रोज "बोंग-यो अ-बू" म्हणत असेल, तर ती त्यानं दिलेली माती पण खाईल. हे मला आज कळतं. तेव्हा मला नुसता त्या रेडिओचा संताप यायचा.

त्यांचा वात मात्र खरा होता, कामचुकारपणाचा नव्हता. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी. सकाळी चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यायच्या, कारण बोटं मिटतच नसत. चूर्ण सुरू केल्यापासून हात चालायला लागले, भूक उघडली, चेहरा गोल आणि तुकतुकीत झाला. शेजारणी म्हणायच्या, "बोंग-यो, तुझी तर पौर्णिमा झाली." पाठीवर मानेखाली गोळा आला होता, आणि दंडाला टोपलीची कड नुसती घासली तरी जांभळा डाग उठायचा. पण पौर्णिमेकडे बघणारी माणसं पाठ कशाला बघतील.

आमची पेइ-रोंग तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या वर्षी ती जिना बसून उतरायला लागली. सकाळी उठायची, पहिल्या पायरीवर बुड टेकवायची आणि एकेक पायरी घसरत खाली यायची. मला आधी खेळ वाटला. मग एक दिवस तिला आंघोळ घालताना पाहिलं तर डावा गुडघा उजव्याच्या दीडपट झाला होता आणि हाताला गरम लागत होता. दुपारपर्यंत गाडी रुळावर यायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "सकाळी झेंड्याला लंगडते आणि दुपारी दोरीवरच्या उड्या मारते. नाटकं घरातच बघून शिकली असेल." मी बाईंना काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सासूबाईंचं निदान तयार होतं. "वाढीचं दुखणं आहे. हाडं लांब होतायत." त्यांनी काळी कोंबडी मुळ्या घालून उकळली आणि पेइ-रोंगनं नाक दाबून प्यायली. गुडघा तसाच. मग देवळातल्या बाईकडून तांदूळ आणि सदरा ओवाळून भीती उतरवली. गुडघा तसाच. मग मला धरलं. "बाळंतपणाचा महिना सरायच्या आत तू कलिंगड खाल्लंस. ती थंडी हाडात शिरली आणि दुधातून पोरीत गेली."

"एकच फोड खाल्ली होती, अ-बू."

"फोडच पुरते."

शेवटी हाडवैद्याकडे नेलं. त्याच्या भिंतीवर त्यानंच जिंकलेल्या मारामारीच्या ढाली टांगलेल्या होत्या. त्यानं गुडघा असा काही ओढला की पेइ-रोंगनं त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी गुडघा आणखी सुजला, घोटाही सुजला, आणि मी सगळ्यांना गुंडाळून शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. सासूबाई आल्या, कारण त्यांना वगळून आमच्या घरातून मांजरही बाहेर जात नाही. बुन-हिओंग आला, कारण गाडी तो चालवतो.

डॉक्टर श्वे नावाची एक मुलगी खुर्चीवर बसली होती. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ही डॉक्टर आहे की डॉक्टरची पोरगी?"

तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. पेइ-रोंगचा प्रत्येक सांधा दाबून पाहिला, बोटंसुद्धा, जबडासुद्धा. मग म्हणाली, "संधिवात आहे. मुलांना होणारा."

"वात?" सासूबाई हसल्याच. "अहो, वात म्हाताऱ्यांचा. हिनं अजून एक कालव फोडलं नाही."

"आजी, हा कामानं झिजून होत नाही. आपल्या शरीरात राखण करणारी फौज असते ना, बाहेरचे जंतू आले की त्यांना मारणारी? हिच्या फौजेचा घोटाळा झालाय. ती घरच्याच माणसांना चोर समजून बडवतेय. आत्ता सांधे बडवतेय. तसंच सोडलं तर हाड खाईल. कधीकधी गुपचूप डोळ्यातही शिरते, दुखत नाही, लाल होत नाही, आणि नजर जाते. म्हणून डोळेपण दर काही महिन्यांनी तपासायचे."

"पण फौजेला असं करायला सांगितलं कुणी?"

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"म्हणजे तुम्हालापण माहीत नाही," सासूबाई समाधानानं म्हणाल्या.

मी विचारलं, "कलिंगडानं होतं का?"

"कशानं?" डॉक्टर म्हणाली. "छे."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी कोपऱ्यातल्या शोभेच्या माशांच्या काचेच्या पेटीकडे पाहिलं.

"तुमचे हात बघू, आजी," डॉक्टर म्हणाली. "तुमचाही याच जातीचा दिसतोय."

सासूबाईंनी हात बाह्यांत ओढून घेतले. "मला नाही दाखवायला आणलंय."

मग औषधांचं निघालं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. ती त्या फौजेला ताळ्यावर आणणार, पण तिचा गुण यायला महिना-दोन महिने लागणार. सोबत दुखण्यासाठी गोड औषध. आणि मधला काळ निभावून न्यायला थोडे दिवस, मापात, स्टिरॉइड.

त्या एका शब्दानं घोटाळा झाला. आमच्या किनाऱ्यावर त्याला अमेरिकन अमृत म्हणतात. ते हसत हसत म्हणत नाहीत, साप म्हणावं तसं म्हणतात. सासूबाई उभ्या राहिल्या. "आमच्या गल्लीतला तो कोळंबीवाला ते खाऊन खाऊन फुगला. हाडं अशी भुसभुशीत झाली की खुर्चीवरून उठताना कंबर मोडली त्याची. माझ्या नातीच्या तोंडात अमेरिकन अमृत जायचं नाही. घालायचं तर आधी मला पेटीत घाला आणि वर खिळे ठोका."

"मनानं घेतलं, वर्षानुवर्षं घेतलं तर तसं होतं, आजी. मी मोजून देणार, मोजून कमी करणार."

"विष मोजून दिलं म्हणून काय दूध होतं?"

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. बुन-हिओंगनं घसा साफ केला. "आई नको म्हणतेय तर..." तो म्हणाला, आणि त्याचं त्या दिवसाचं बोलणं संपलं. आम्ही साप्ताहिक गोळ्या आणि गोड औषध घेऊन परत आलो. मी रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते, कारण आत बघितलं असतं तर कुणाला तरी चावले असते.

आणि मग, मंडळी, पेइ-रोंग बरी झाली. महिन्या-दोन महिन्यांनी नाही, आठवड्यात. एका सकाळी ती जिन्यावरून दोन पायांनी धडधडत खाली आली आणि पेज न खाताच मांजरामागे पळाली. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडले. मग डोळे पुसून कालवं फोडायच्या शेडमध्ये गेले आणि सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "बघा, इस्पितळाची गोळी. ना कोंबडी, ना तांदूळ."

सासूबाई कालव उघडत नुसत्या हसल्या. त्या हसण्यात काय होतं ते बघायला मला फुरसत नव्हती. माझी पोर पळत होती.

पुढे तिची भूक सुटली. चार वाट्या भात खाऊन पुन्हा भांड्यात डोकवायची. गाल भरले, मग फुगले. सासूबाई खूश; आमच्याकडे पोर जाड झालं की आजीला स्वर्ग मिळतो. दोघी बाकावर शेजारी बसल्या की एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसायच्या. शाळेतल्या मुलांनी तिला भोपळा म्हणायला सुरुवात केली आणि तिनं दोघांना बडवलं. पण दाराच्या चौकटीवर आम्ही तिच्या उंचीची रेघ मारायचो ती हलेना, आणि गालांवर बारीक लव आली. माझ्या मनात काहीतरी सलायला लागलं.

पुढच्या खेपेला डॉक्टर श्वेनं पेइ-रोंगला दारातून आत येताना पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. रक्तदाब घेतला. पुन्हा घेतला. पोट पाहिलं, गाल पाहिले.

"हिला स्टिरॉइड कोण देतंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "तुम्ही दिलंच नाही ना."

"मी नाही. पण कुणीतरी देतंय." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "नीट ऐका. हे बाहेरून आलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. मग एक दिवस अचानक बंद झालं तर पोर उभ्या जागी कोसळते. जीव जातो. मला कुणावर रागवायचं नाहीये. काय देताय आणि किती, एवढंच सांगा."

सासूबाई माशांच्या पेटीकडे बघत होत्या. "आमच्या घरात अमेरिकन अमृत येत नाही," त्या म्हणाल्या. "समुद्रदेवी मात्सूआईची शपथ." आणि खरं सांगते, त्या शपथ अगदी मनापासून घेत होत्या.

घरी आल्यावर मी पेइ-रोंगला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "मला काही माहीत नाही," आणि ओठ असे आवळले की जणू आत गोटी आहे. मग मी स्वयंपाकघर उलटंपालटं केलं आणि तांदळाच्या पिंपामागे डबा सापडला. वर आठ सिद्ध ढगांवर बसलेले. मी तो तसाच शेडमध्ये नेला.

"हे पोरीला देताय?"

"ते माझं आहे." त्यांनी मान वर केली नाही.

"मी विचारलं, पोरीला देताय का?"

"नाही. आणि दिलं असतं तरी ते चूर्ण आहे, अमृत नाही. झाडपाला. आ-तिक रोज सांगतो."

"आ-तिक म्हणाला म्हणून? तो तुमचा कोण?"

"तो विचारतो तरी," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यापैकी कोण विचारतं?"

खोटं बोलताना सासूबाईंच्या कामाचा वेग वाढतो, आणि त्या दिवशी त्यांची सुरी अशी चालली की टोपली बघता बघता भरली. मी डबा फेकायला निघाले आणि दारातच थबकले. डॉक्टर म्हणाली होती, अचानक बंद नको. फेकला आणि पोर कोसळली तर? नाही फेकला तर मीच विष राखत बसणार. मी डबा टेबलावर आपटून ठेवला आणि डॉक्टरला फोन लावला. ती म्हणाली, पोरीला उद्याच घेऊन या, आणि येताना डबापण आणा.

पण दुसऱ्या दिवशी वादळाचा इशारा आला, पूल बंद झाला, आणि त्याच वादळात डबा टेबलावरून नाहीसा झाला. सासूबाई म्हणाल्या, त्यांनी फेकला. वारा ओसरल्यावर रेडिओ लावला तर नुसती खरखर. धाड पडली होती. कुणा पोलिसाच्या आईनं ऐकणं सोडलं असावं. शेडमध्ये सुतक आलं. मोटरसायकलवालाही यायचा बंद झाला, आणि पुलाची डागडुजी सुरू होती तोवर आम्ही गावातच अडकलो.

त्या दिवसांत मी पेइ-रोंगला डोळ्यात तेल घालून बघत होते. ती ठणठणीत. कोसळली ती दुसरीच. सासूबाईंनी जेवण टाकलं. पेज समोर आली की उलटी यायची. हात पुन्हा कुलूप लागल्यासारखे झाले. आ-तिकचा शोक चाललाय असं समजून मी दोन टोमणेही मारले. एका सकाळी त्या शेडमध्ये उठायला गेल्या आणि तशाच कालवांच्या टरफलांच्या ढिगावर तोंडावर पडल्या. अंग थंडगार, घामानं निथळलेलं. पूल नुकताच अर्धा उघडला होता. बुन-हिओंगनं गाडी अशी हाकली की वाटेत दोन मत्स्यतळ्यांच्या बांधांवरून गेला, आणि सबंध वाटेत "आई, आई" म्हणत होता. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

इस्पितळात विचारलं, कुठली औषधं घेतात? मी म्हटलं, "एक चूर्ण घ्यायच्या. पण ते फेकलंय."

"फेकलं नाही," पेइ-रोंग माझ्या मागून म्हणाली. आजीला ती अ-मा म्हणते. आता तिच्या तोंडातली गोटी सुटली होती. "अ-मा मला देते. संपत आलं होतं म्हणून तिनं स्वतः घेतलं नाही. म्हणाली, माझे हात म्हातारे आहेत, दुखले तरी चालतील. तुझे पाय पळायचे आहेत."

मला सासूबाईंना मिठी मारावीशी वाटली आणि थोबाडीत द्यावीशीही, आणि कुठलं आधी ते ठरेना. दोन्ही राहून गेलं, कारण त्या बेशुद्ध होत्या.

त्यांना शिरेतून काहीतरी टोचलं, मीठपाण्याची बाटली लावली. दुपार कलली तशी त्यांच्या गालांवर रंग आला. त्यांनी डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि पेज मागितली. मग पांघरुणातून हात बाहेर काढले, बोटं मिटून पाहिली, उघडून पाहिली. चेहरा उजळला.

"ग्योक-इन," त्या मला म्हणाल्या, "ह्या बाटलीत काय आहे विचार. अगदी आ-तिकच्या चूर्णासारखं वाटतंय. तस्संच, आतून ऊन पडल्यासारखं."

डॉक्टर श्वे पायाशी उभी होती. "आजी," ती म्हणाली, "हेच अमेरिकन अमृत."

सासूबाई बाटलीकडे बघत राहिल्या. मग माझ्या मांडीवर बसलेल्या पेइ-रोंगकडे, तिच्या त्या गोल चेहऱ्याकडे. तिथे बघायला माशांची पेटी नव्हती.

"म्हणजे मी पोरीला..."

"हो," डॉक्टर म्हणाली. गोड करून सांगायचा प्रयत्न तिनं केला नाही, आणि त्याबद्दल मी तिला आयुष्यभर मानीन.

"हाडं?" सासूबाईंनी विचारलं. "त्या कोळंबीवाल्यासारखी?"

"पोर लहान आहे, भरून येईल. उंचीही पुढे वाढेल. पण आता हे नीट, हळूहळू उतरवावं लागेल. घाईनं उतरवलं तर तिचंही तुमच्यासारखंच होईल. फार रेंगाळलं तर हाडं आणि उंची जाईल. किती देत होता?"

"सकाळी अर्धा चमचा. दुखलं तर संध्याकाळीपण."

"त्या अर्ध्या चमच्यात किती होतं?"

"ते मला काय माहीत," सासूबाई म्हणाल्या. "ते आ-तिकला माहीत."

उशीखालच्या पिशवीतून त्यांनी डबा काढून दिला. बेशुद्ध पडतानाही तो त्यांच्या कमरेला होता. तळाशी जेमतेम चिमूटभर उरलं होतं. डॉक्टर म्हणाली, तपासायला पाठवते, पण एवढ्याशात नीट कळेलच असं नाही, आणि प्रत्येक डब्यात वेगळं असतं. तोवर अंदाजानं चालायचं.

तर आता आमच्या घरात अमेरिकन अमृत राजरोस आलं, इस्पितळाच्या पाकिटात, आजीला आणि नातीला. डॉक्टर ठरावीक दिवसांनी थोडं थोडं कमी करायची. प्रत्येक वेळी कमी केलं की पेइ-रोंगच्या सकाळी वाईट जायच्या. साप्ताहिक गोळी आपलं काम हळूहळू करत होती, पण पोरीला हळूहळू काय कळतं. ती पुन्हा जिना बसून उतरायला लागली. कधी मधल्याच पायरीवर थांबायची आणि म्हणायची, "अ-मा, चूर्ण दे ना. थोडंसं."

सासूबाई जिन्याखाली उभ्या असायच्या. "संपलं," म्हणायच्या, आणि वर जाऊन तिच्या शेजारी पायरीवर बसायच्या. मग दोघी एकेक पायरी घसरत खाली यायच्या. एवढी वर्षं त्या बाईशी भांडले, पण ते दृश्य बघायला मी जिन्याशी थांबायचे. मग मी दोघींना ओरडायचे, पेज थंड होतेय म्हणून.

आणि एका सकाळी शेडमध्ये पलीकडची आ-हुई काकू ओरडली, "सापडला." रेडिओच्या काट्यावर अगदी उजवीकडे, जिथे एरवी जपानी खरखर लागायची, तिथे तो होता. "अ-बू, मला विसरलीस का गं? किती रडलो मी तुझ्यासाठी. आज हात कसे आहेत?"

शेडमधल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. सासूबाईंनी हात फडक्याला पुसले आणि भिंतीवरच्या फोनकडे गेल्या. तो नंबर त्यांना झोपेतही पाठ होता, फक्त शेवटचा आकडा बदलला होता, तो आ-तिकनंच सांगितला. मी सुरी घेऊन त्यांच्या मागे गेले. ऑर्डर देतील तर वायर कापायची, असं ठरवूनच गेले होते.

"कोण बोलतंय?" रेडिओतून आवाज आला. "अगं, बोंग-यो अ-बू! तुझा आवाज ऐकून जीवात जीव आला. हात कसे आहेत?"

"आहेत. तू जेवलास का?"

"जेवलो, अ-बू."

"बरं." सासूबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "आ-तिक, मला तुला रागवायचं नाहीये. पोलिसातही जाणार नाही. एकच सांग. अर्ध्या चमच्यात अमेरिकन अमृत किती असतं?"

आ-तिक हसला. "अ-बू, कुणी कान भरले तुझे? सुनेनं? शंभर टक्के झाडपाला..."

"ते मी रोज ऐकलंय. तू म्हणालास म्हणून नातीला दिलं. नऊ वर्षांची आहे. आता डॉक्टर ते कमी करतेय आणि तिला माहीत नाही कुठून कमी करायचं, ती चाचपडतेय, आणि पोर जिन्यावर बसून रडते. आकडा कळला तर तिला बरं पडेल. नुसता आकडा सांग, बाळा."

गाणं सुरू झालं. शेडमधल्या सगळ्या रेडिओंतून एकच गाणं, बंदरावर वाट बघणाऱ्या कुणा बाईचं. सासूबाईंनी फोन ठेवला, गाणं संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या आणि पुन्हा लावला.

"बोला, कुठली अ-बू बोलतेय?"

"मीच. किती असतं?"

पुन्हा गाणं. तेच. बहुतेक घाईत दुसरं सापडलं नसावं. मी सुरी खाली ठेवली. आ-हुई काकू उठली आणि काही न बोलता आपल्या घराकडे गेली. तिच्यामागून आणखी एक गेली. दोघींच्या घरी फोन होते आणि नातवंडंही.

गाणं संपलं. आ-तिकनं घसा साफ केला. "काही लोकांना आपल्या स्टेशनचं बरं बघवत नाही," तो म्हणाला. "चला, लांबून एक अ-बू कधीची थांबलीय. हं, बोला अ-बू, हात कसे आहेत?"

आवाज ओळखीचा नव्हता. खूप म्हातारा होता, आणि मागे वारा ऐकू येत होता, नदीपलीकडून असावा.

"हाताचं राहू दे," ती म्हणाली. "आधी त्या बाईला उत्तर दे. माझा नातू पाच वर्षांचा आहे."